एका सुट्टीत पुलाउ उबिन: सिंगापुरात नोकरी करताना स्ट्रॉ-हेडेड बुलबुल कसा पाहावा

सिंगापुरात कामासाठी आलेल्या पक्षीप्रेमींकडे वेळ कमी असतो. पाच दिवस ऑफिसात जातात, सहावा घरच्या कामांत, आणि हातात उरते एक सुट्टी. तेवढ्या एका सुट्टीत, पासपोर्टला हात न लावता आणि जाऊन-येऊन बोटभाड्याचे आठ डॉलर खर्चून, जगातला एक अतिशय दुर्मिळ पक्षी पाहता येतो. कितीतरी जण दोन-तीन वर्षं इथे राहून परत जातात, पण त्यांना याचा पत्ताही लागत नाही.

हा पक्षी म्हणजे स्ट्रॉ-हेडेड बुलबुल. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो २०१६ साली 'संकटग्रस्त' होता, २०१८ साली 'अतिसंकटग्रस्त' झाला. एके काळी दक्षिण म्यानमार आणि थायलंडपासून मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओपर्यंत तो आढळायचा. आज थायलंड आणि जावा इथल्या रानांतून तो संपला आहे. जंगलतोड हे एक कारण, पण मुख्य घाव घातला त्याच्या गळ्यानेच. इंडोनेशियात 'चुचाक रावा' या नावाने तो पिंजऱ्यात पाळतात, गाण्याच्या स्पर्धांमध्ये उतरवतात, आणि त्या बाजारासाठी रानंच्या रानं रिकामी झाली. २०२२ साली साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये त्याचा समावेश झाला आणि रानातून पकडलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आली. जगात उरलेल्यांपैकी मोठा वाटा सिंगापुरात आहे, आणि सिंगापुरातलं त्याचं सगळ्यात भक्कम ठाणं म्हणजे ईशान्येचं पुलाउ उबिन हे छोटं बेट.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण सगळा बेत तिच्यावर बेतलेला आहे. हा पक्षी आधी कानांना सापडतो, डोळ्यांना नंतर. म्हणून दिवसाचे पहिले तीन तास महत्त्वाचे. ते हातून गेले, तर उरलेला दिवस बेट बघण्यात छान जाईल, पण बुलबुल नशिबावर सोडावा लागेल.

१. निघण्याआधी ओळख पक्की करा

आपल्या लालबुड्या बुलबुलाची सवय असलेल्या डोळ्यांना हा पक्षी बुलबुल वाटतच नाही. लांबी २८-२९ सेंटिमीटर, म्हणजे बुलबुलांच्या कुळातल्या सगळ्यात मोठ्या पक्ष्यांपैकी एक. डोकं आणि गाल वाळलेल्या गवतासारखे सोनेरी-पिवळे. चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारी एक काळी पट्टी, आणि गळ्याच्या कडेला मिशीसारखी दुसरी. गळा पांढरा, छाती राखाडी आणि तिच्यावर पांढऱ्या बारीक रेघा, पंख हिरवट तपकिरी, शेपटीखाली पिवळा रंग.

गोंधळ होतो तो दोन पक्ष्यांशी. यलो-व्हेंटेड बुलबुल सिंगापुरात इमारतींच्या आवारातही दिसतो. तो बराच लहान, भुवई पांढरी, आणि बुडाखाली पिवळा. शेपटीखालचा पिवळा रंग पाहून नवखे लोक तिथेच 'सापडला' म्हणतात. दुसरा ऑलिव्ह-विंग्ड बुलबुल. तो उबिनवर भरपूर आहे, रंगाने मळकट, कानाजवळ पांढऱ्या बारीक रेघा. दोघांनाही सोनेरी डोकं नाही आणि काळी मिशीही नाही. या दोन खुणा दिसल्याशिवाय नाव नक्की करू नका.

आता आवाज. जाड, भरदार, पाणी खळखळल्यासारखी शीळ, आणि बहुतेक वेळा दोन पक्षी एकमेकांच्या सुरात सूर मिसळून गातात. लांबूनही ऐकू येते. निघण्याआधीच्या आठवड्यात हे गाणं रोज पाच मिनिटं ऐका. कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन ॲपमध्ये त्या भागाचा पक्षीसंच उतरवून ठेवला की नेट नसतानाही आवाज ऐकता येतात. घरी हेडफोन लावून ऐकायचं, बेटावर मोठ्याने नाही. त्याचं कारण पुढे येईल.

त्यासोबत आणखी तीन आवाज ऐकून ठेवा: दयाळ, शामा आणि मोठा भृंगराज. उबिनवर फसगत करतात ते हेच. शामाची शीळ सुरेल असते, पण पातळ आणि लांबत जाणारी. भृंगराज तर नकलाच करतो. एकाच झाडावरून लागोपाठ पाच-सहा निरनिराळे आवाज आले, तर बुलबुल समजण्याआधी लांब शेपटीचा काळा पक्षी शोधा.

२. दिवस कोणता निवडावा

रजा मिळत असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस घ्या. शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर सायकलींची रांग लागते, गप्पा आणि घंटा यांत शीळ हरवते. सुट्टीच्याच दिवशी जाणं भाग असेल, तर इतरांच्या तासभर आधी बेटावर पोहोचणं हा एकच उपाय. जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरात शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा गर्दी आणखी वाढते.

बुलबुल इथला रहिवासी आहे, बाराही महिने दिसतो, त्यामुळे ऋतू पाहायचा तो पावसासाठी. डिसेंबर आणि जानेवारी सगळ्यात ओले; कधी दिवसभर संततधार. जून ते सप्टेंबरमध्ये पहाटे वादळी सरींचे पट्टे येतात, त्यांना इथे 'सुमात्रा' म्हणतात. ते तास-दोन तासांत ओसरतात, पण नेमकी तुमची वेळ खाऊन जातात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळ बहुधा कोरडी असते, विजांचा पाऊस दुपारी येतो. या बेतासाठी हे महिने मला सगळ्यात सोयीचे वाटतात. ऑक्टोबरपासून स्थलांतरित पक्षीही आलेले असतात, तो वरचा लाभ.

आदल्या रात्री आणि पहाटे मायईएनव्ही या सरकारी ॲपवर पावसाचा रडार नकाशा पाहा. मोठा पट्टा पश्चिमेकडून येताना दिसला, तर तास-दीड तास उशिरा निघा. पाऊस थांबल्यावर पक्षी जोमाने गातात, त्यामुळे सकाळ पूर्ण वाया जात नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

उबिन सिंगापूरचाच भाग आहे, त्यामुळे इमिग्रेशन नाही आणि पासपोर्टही लागत नाही. ओळखीसाठी वर्क पासचं कार्ड किंवा सिंगपास ॲपमधला पास पुरे. कामानिमित्त थोड्या दिवसांसाठी आला असाल, तर पासपोर्टच्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

सोबत घ्यायच्या गोष्टी:

- रोख रक्कम. माणशी ४० ते ५० डॉलर, त्यात दोन आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर. बोटवाले रोख घेतात. बेटावर एटीएम नाही. चांगी व्हिलेजमध्येच पैसे काढून घ्या.
- दुर्बीण, शक्यतो ८x४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची). गर्द झाडीत १०x ची दुर्बीण हलते आणि तिचं दृश्यक्षेत्रही लहान, त्यामुळे फांद्यांत पक्षी शोधताना वेळ जातो.
- पाणी माणशी दोन लिटर. बेटावर मुख्य सिंगापूरची नळाची पाइपलाइन नाही, स्वच्छतागृहांतलं पाणी पिऊ नये. गावातल्या दुकानांत बाटल्या मिळतात, पण सकाळी सातला दुकान उघडं असेलच असं नाही.
- खाणं झाकणाच्या डब्यात, आणि डबा बॅगेच्या आत. शाकाहारी असाल तर हे नक्की करा, गावातल्या खानावळी मुख्यतः मासळीच्या आहेत.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, बंद बूट. रंग मातकट किंवा हिरवट.
- डास पळवणारं मलम. सिंगापुरात डेंग्यू आहे, यात कसर करू नका. मात्र डीट हे रसायन असलेलं मलम प्लास्टिक आणि रबर खराब करतं. तळहात पुसूनच दुर्बिणीला हात लावा.
- छोटी छत्री किंवा रेनकोट, आणि दुर्बीण-कॅमेऱ्यासाठी तोंड बंद होणारी पिशवी.
- पूर्ण भरलेली पॉवर बँक.

कॅमेरा नेणार असाल तर ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स हवी. झाडीत सावली दाट असते. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यावा लागतो आणि शटर १/२५० च्या खाली आणू नये. पण पहिल्या फेरीला नुसती दुर्बीण न्या, असा माझा आग्रह राहील. कॅमेऱ्यात डोकं घातलं की कान बंद होतात.

एक सापळा खास सिंगापूरचा. रात्रभर एसीत राहिलेली दुर्बीण दमट हवेत आणली की काचांवर बाष्प बसतं आणि नेमकी पहिली वीस-तीस मिनिटं काही दिसत नाही. रात्री ती एसी नसलेल्या खोलीत ठेवा. टॅक्सीत किंवा बसमध्येही बॅगेत बंद असू द्या आणि बोटीवर चढण्याआधी बाहेर काढा. धुकं बसलंच तर शर्टाने घासू नका, काचेवर ओरखडे पडतात. वाऱ्यावर धरा, आपोआप जातं.

४. पहाटे चांगी पॉइंटपर्यंत

सिंगापुरात वर्षभर सूर्य सातच्या आगेमागे उगवतो. सव्वासातपर्यंत बेटावर पाय ठेवायचा, तर पावणेसात ते सातच्या दरम्यान चांगी पॉइंट फेरी टर्मिनल गाठायला हवं.

एमआरटीने (मेट्रोने) जायचं तर ताना मेरा स्टेशनवर उतरून २ नंबरची बस घ्या आणि चांगी व्हिलेजच्या शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा. टॅम्पिनीसकडून २९, बिशानकडून ५९ आणि सेरांगूनकडून १०९ नंबरची बसही तिथेच जाते. बस टर्मिनलपासून फेरी टर्मिनल चालत काही मिनिटांवर आहे. ईझेड-लिंक किंवा टॅप होणारं बँक कार्ड चालतं.

इथे लोक चुकतात ते रविवारच्या वेळापत्रकात. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी एमआरटीची पहिली गाडी उशिरा सुटते. पश्चिमेला जुराँगकडे किंवा उत्तरेला वुडलँड्सकडे राहत असाल तर पहिल्या गाडीने निघूनही सात वाजता पोहोचणं अवघड. अशा वेळी पहाटेची टॅक्सी दोघा-तिघांत वाटून घ्या आणि परतताना बसने या.

५. धक्क्यावर: बरोबर रांग आणि बोटीचा हिशेब

चांगी पॉइंटवरून दोन ठिकाणी बोटी जातात. एक उबिनला, दुसरी मलेशियातल्या पेंगेरांगला. पेंगेरांगसाठी पासपोर्ट आणि इमिग्रेशन लागतं. 'उबिन' लिहिलेली पाटी पाहूनच रांगेत उभे राहा. सामानाची तपासणी होऊ शकते, ती नेहमीचीच आहे.

उबिनच्या लाकडी बमबोटींना वेळापत्रक नाही आणि तिकीटही नाही. बारा जण जमले की बोट सुटते. भाडं माणशी ४ डॉलर, पैसे बोटीवरच द्यायचे. स्वतःची सायकल नेली तर तिचे २ डॉलर वेगळे. प्रवास दहा ते पंधरा मिनिटांचा.

कामाच्या दिवशी पहाटे बारा जण जमायला वेळ लागतो. तेव्हा रिकाम्या जागांचे पैसे आपापसांत वाटून बोट लगेच सोडता येते. पूर्ण बोटीचे ४८ डॉलर होतात. सहा जण असाल तर माणशी ८. त्या चार जादा डॉलरांत अर्धा-पाऊण तास वाचतो, आणि हा अर्धा-पाऊण तास दिवसातला सगळ्यात मोलाचा आहे.

उतरताना बोटवाल्याला शेवटची बोट किती वाजता, हे विचारा. बोटी साधारण संध्याकाळी सातपर्यंत असतात, पण हवा बिघडली की गणित बदलतं.

आणि फोनमध्ये रोमिंग बंद करा. उबिनच्या उत्तरेला जोहोरची सामुद्रधुनी अगदी अरुंद आहे. फोन आपणहून मलेशियाचं नेटवर्क पकडतो आणि पुढच्या बिलात ते दिसतं. नेटवर्कची निवड हाताने आपल्या सिंगापूरच्या कंपनीवर ठेवा.

६. पहिले दोन-तीन तास पायी

धक्क्यावरून गावात शिरताच सायकलींची दुकानं लागतात. मोह होतो, पण आता सायकल घेऊ नका. चाकांची करकर, ब्रेकचा आवाज आणि खडीवरचा खडखडाट यांत शीळ ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी थांबेपर्यंत दिशा हरवलेली असते. सायकल दहानंतर घ्या.

गावातून डावीकडे, पश्चिमेला चाला. थोड्याच अंतरावर पेकान क्वारी ही पाण्याने भरलेली जुनी दगडखाण लागते. तिच्या आसपासची झाडी, पुढची बटरफ्लाय हिलची बाजू आणि जालान उबिन हा रस्ता, हा सुरुवातीचा पट्टा. या बुलबुलाला घनदाट जंगलाचा गाभा नको असतो. त्याला हवी रानाची कड, जुन्या रबराच्या आणि फळबागांच्या जागी वाढलेली झाडी, आणि जवळ पाणी. उबिनवर हे सगळं एकत्र आहे, म्हणून तो इथे टिकला.

चालण्याची पद्धत अशी ठेवा. दीडदोनशे मीटर चाला, मग थांबा. पाच मिनिटं एका जागी, न बोलता. रस्त्याला वळण किंवा फाटा असेल तिथे थांबणं जास्त फायद्याचं, कारण दोन बाजूंची झाडी कानाच्या टप्प्यात येते. शीळ आली की लगेच तिकडे धावू नका. ती पुन्हा येऊ द्या. पहिल्या वेळी दिशा कळते, दुसऱ्या वेळी अंतर. तोंड आवाजाकडे करून दोन्ही कानांच्या मागे तळहात धरले की दिशा आणखी नेमकी लागते.

दिशा कळली की रस्ता न सोडता जवळ सरका आणि झाडाच्या शेंड्यापेक्षा मधल्या उंचीवर, कडेच्या फांद्यांत पाहा. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल शोधा, मग दुर्बीण उचला. जोडीतला एक पक्षी दिसला की दुसरा बहुधा आसपासच असतो. गाऊन झाल्यावर जोडी दहा-पंधरा मिनिटं गप्प बसू शकते. बहुतेक जण इथेच कंटाळून पुढे जातात. जाऊ नका. वीस मिनिटं तिथेच उभे राहा. फळं लागलेलं झाड जवळ असेल तर त्याच्यावर नजर ठेवा. फळं आणि किडे हेच त्याचं मुख्य खाणं.

पुरेसा वेळ दिलात आणि हवा बरी असली, तर आवाज ऐकू येण्याची शक्यता फार चांगली आहे. नीट दर्शन होईल का, ते तुमच्या स्थिर उभं राहण्यावर आहे. पुरातन मंदिराच्या गाभाऱ्यात गेल्यासारखं शांत राहा, एवढं सांगून ठेवतो.

७. रेकॉर्डिंग वाजवू नका

फोनवर शीळ वाजवली तर पक्षी समोर येतो, हे खरं आहे. म्हणूनच ते करायचं नाही. जोडीला वाटतं, आपल्या हद्दीत परका आला. ते खाणं सोडतात, घरट्यावरून उठतात, उघड्यावर येऊन ओरडतात. एका सकाळी पाच गटांनी असं केलं, तर त्या जोडीची सकाळ गेली. शिवाय पक्षी पकडणारेही हीच युक्ती वापरतात. ज्या पक्ष्याला आवाजापायी संपवलं जातंय, त्याला आवाजाला फसायची सवय आपण लावू नये.

घरटं दिसलं तर थांबू नका, फोटो काढू नका, पुढे चला. फांद्या वाकवून जागा मोकळी करणं तर अजिबात नको. सावली गेली की पिल्लं उन्हात पडतात आणि शत्रूंना दिसतात.

कोणत्याही वन्य प्राण्याला खायला घालणं सिंगापुरात जून २०२० पासून देशभर गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुन्हा केल्यास १०,००० पर्यंत. उद्यानांच्या हद्दीत परवान्याशिवाय ड्रोनही उडवता येत नाही. वर्क पासवर असताना असल्या भानगडीत सापडणं परवडणारं नाही.

उबिनवरच्या लांबशेपटी माकडांना प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, एवढं पक्कं ठाऊक आहे. पिशवी हातात दिसली की ती ओढतात. रानडुकरं शांत असतात, पण पिल्लांसोबतची मादी दिसली तर मागे सरून मोकळी वाट द्या.

८. दहानंतर: सायकल आणि चेक जावा

दहा वाजले की ऊन चढतं आणि गाणं मंदावतं. आता गावात परत येऊन सायकल घ्या. भाडं सायकलीच्या प्रकाराप्रमाणे दिवसाला साधारण ८ ते २० डॉलर. पैसे देण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहा, सीटची उंची लावून घ्या, गिअर बदलून पाहा. बेटावर उतार आहेत आणि खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस पडतो.

पूर्व टोकाची चेक जावा पाणथळ जागा धक्क्यापासून सव्वातीन किलोमीटरवर आहे. चालत साधारण चाळीस मिनिटं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा उघडी असते. इथे भराव घालायचं ठरलं होतं. २००१ साली निसर्गप्रेमींनी तिथल्या जीवांची नोंद करून सरकारपुढे ठेवली आणि भराव पुढे ढकलला गेला. सायकल आत नेता येत नाही, दाराशी स्टँडला कुलूप लावून ठेवा. आत खारफुटीतून जाणारा लाकडी मार्ग आणि वीस मीटर उंचीचा जेजावी मनोरा आहे. लाकडी मार्गाचा काही भाग दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, एनपार्क्स या सरकारी उद्यान मंडळाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्या.

मनोऱ्यावरून झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात. इथे कवड्या धनेश दिसण्याची चांगली संधी आहे. सिंगापुरातून नाहीसा झालेला हा धनेश १९९४ साली पुन्हा दिसला तो याच बेटावर. रस्त्यात रानकोंबडे, पाण्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, पेकान क्वारीत राखी बगळ्यांची वसाहत, असं बरंच काही आहे. चेक जावाच्या वाटेवरही बुलबुलाची शीळ ऐकू येते, त्यामुळे सकाळी हुकला असेल तर सायकल मधेमधे थांबवून ऐकत जा.

९. परतणं, आणि दिसला नाही तर

बारा-साडेबारापर्यंत धक्क्यावर या. विजा चमकू लागल्या तर उघड्या किनाऱ्यावर किंवा मनोऱ्यावर थांबू नका. जोराच्या वादळात बोटीही खोळंबतात. सुट्टीच्या दिवशी चारनंतर परतीची रांग लांबते. दुपारी दोनपर्यंत चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये जेवून बसमध्ये बसलात, तर संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाचं ऑफिस दोन्ही नीट पार पडतं.

बेटावर पुन्हा जाणं जमणार नसेल, तर मुख्य सिंगापुरातही हा पक्षी आहे. बुकित बातोक नेचर पार्क, डेअरी फार्म नेचर पार्क आणि बुकित तिमाहच्या पायथ्याचं हिंडहेड नेचर पार्क ही ठिकाणं कामाच्या दिवशी सकाळी सात ते साडेआठमध्येही करता येतात. डेअरी फार्मला हिलव्ह्यू, तर हिंडहेडला ब्यूटी वर्ल्ड हे एमआरटी स्टेशन सोयीचं. पक्षी इथे कमी आणि पसरलेले, त्यामुळे एका सकाळची खात्री नाही, चिकाटी लागते.

१०. नोंद करताना

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी जरूर भरा: वेळ, चाललेलं अंतर, किती पक्षी दिसले आणि किती नुसते ऐकले. चोरीचा धोका असलेल्या काही जातींची नेमकी जागा ई-बर्ड मुद्दाम झाकून ठेवतं. आपणही तोच नियम पाळा. फोटो टाकताना 'पुलाउ उबिन' एवढंच लिहा. झाड, फाटा, नकाशावरचा बिंदू लिहू नका, आणि फोटोतली जीपीएस माहिती काढून टाका. ऑफिसच्या ग्रुपवर पाठवलेला फोटो कुठवर जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

झाडीत जाळं, फांदीला लावलेला चिकट डिंक किंवा पक्षी असलेला टांगलेला पिंजरा दिसला, तर हात लावू नका आणि तिथल्या माणसाशी वाद घालू नका. जागा लक्षात ठेवा, दुरून एक फोटो घ्या, आणि एनपार्क्सच्या प्राणी मदत केंद्राला १८००-४७६-१६०० वर कळवा. कुणाला इजा झाली असेल तर रुग्णवाहिकेसाठी ९९५, पोलिसांसाठी ९९९.